चहात एकच चमचा, तरी साखर येते कुठून?

प्रश्न: माझे वय ४४ आहे. मी नोकरी करते. घरात आम्ही चौघे आहोत: मी, पती, सासूबाई आणि १२ वर्षांची मुलगी. गोडधोड सणावारीच होते, चहात मी एकच चमचा साखर घालते आणि दोन वर्षांपासून बऱ्याच पदार्थांत साखरेऐवजी गूळ वापरते. तरी माझे एचबीए१सी ६.१ आले. सासूबाईंना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. मग आमच्या घरात साखर येते कुठून, आणि बाहेरच्या पदार्थांतली साखर ओळखायची कशी?

उत्तर: एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, ५.७ ते ६.४ टक्के असेल तर त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात आणि ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. म्हणजे तुम्ही अशा टप्प्यावर आहात जिथे खाण्यापिण्यात केलेला बदल खरोखर उपयोगी पडतो. मात्र सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगायला हव्यात. हा आकडा केवळ साखरेमुळे वाढत नाही. भात, पोहे, साबुदाणा आणि मैद्याचे प्रमाण, बैठे काम, अपुरी झोप आणि आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असतो. दुसरे म्हणजे शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो, आणि तुमच्या वयाच्या अनेक स्त्रियांचे हिमोग्लोबिन कमी असते. त्यामुळे डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची रक्तशर्करा तपासून घ्या. एवढे सांगून मी तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो अगदी योग्य आहे.

गेली वीसहून अधिक वर्षे मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे, आणि "आमच्याकडे गोड फारसे होत नाही" हे वाक्य ऐकले की मी पहिल्यांदा किराण्याची यादी मागते. खाल्लेले आठवताना सगळ्यांचीच चूक होते, पण विकत आणलेल्या वस्तूचे वजन लिहिलेले असते. महिन्याला घरात किती किलो साखर आणि किती किलो गूळ येतो, त्याची बेरीज करा आणि तिला माणसे गुणिले तीस दिवसांनी भागा. तुमच्यासारख्या चौघांच्या घरात महिन्याला चार किलो साखर आणि एक किलो गूळ येत असेल, तर ५,००० ग्रॅम भागिले १२०, म्हणजे माणशी रोज सुमारे ४२ ग्रॅम होतात. यातले काही पाहुण्यांना आणि मदतनीस बाईंच्या चहाला गेले असे धरले तरी फार फरक पडत नाही. शिवाय बिस्किटे, सॉस, सरबत, बाहेरचा चहा यांतले काहीच या ४२ ग्रॅममध्ये आलेले नाही.

आता याची तुलना कशाशी करायची? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभराच्या ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा मोकळ्या साखरेतून यावी आणि शक्य झाल्यास ती पाच टक्क्यांच्या खाली ठेवावी. एक ग्रॅम साखरेतून ४ किलोकॅलरी मिळतात. त्यामुळे २,००० किलोकॅलरींच्या आहारात दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम होतात. मोकळ्या साखरेत वरून घातलेली साखर आणि गूळ तर येतातच, पण मध, पाक, सरबते आणि फळांचे रसही येतात. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली नैसर्गिक साखर मात्र तीत मोजत नाहीत. तुम्ही स्वतःसाठी २५ ग्रॅमची मर्यादा धरावी असे मी सुचवेन. चौघांच्या घराला महिन्याचे हे तीन किलो झाले, आणि त्यात पाकिटातली साखरही धरायची आहे.

गुळाबद्दल मला थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः अनेकांना "साखर बंद करा, गूळ घ्या" असे सांगितले होते आणि आज मला तो सल्ला चुकीचा वाटतो. साखरेच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४०० किलोकॅलरी असतात आणि गुळात त्याहून अगदी थोड्या कमी. गुळातही बहुतांश भाग साखरेचाच असतो. त्यात थोडे लोह आणि इतर खनिजे असतात हे खरे आहे, पण लोहासाठी गूळ पुरेसा पडावा एवढा खायचा म्हटले तर त्यासोबत जाणारी साखर कितीतरी पट नुकसान करील. मधाचेही तसेच आहे. त्यात जवळपास ८० टक्के साखर असते, आणि सकाळी कोमट पाण्यात घातलेला मोठा चमचाभर मध म्हणजे १५ ग्रॅमहून अधिक साखर असते. गुळाने नुकसान होते ते मुख्यतः मनाच्या समजुतीमुळे. साखर घालताना हात आखडता राहतो, गूळ घालताना तो सुटतो. आमटीत चौघांत मिळून लिंबाएवढा खडा पडतो, गुळाच्या चहात नेहमीपेक्षा दीडपट गोडी होते, आणि शेंगदाण्याची किंवा राजगिऱ्याची चिक्की तर पौष्टिक म्हणून दोनदोन वड्या खाल्ली जाते. आमटीत गूळ घालूच नये असे मी म्हणत नाही. चिंचेच्या आंबटपणाला थोडा गूळ लागतोच आणि ती चव आपली आहे. पण तो साखर म्हणूनच मोजा.

आता तुमच्या "एक चमचा" चहाकडे वळू. घरातला चमचा एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहा. सपाट चहाचा चमचा ४ ते ५ ग्रॅमचा असतो, तर आपण सवयीने उचलतो तो शीग भरलेला चमचा ७-८ ग्रॅमपर्यंत जातो. शिवाय घरातला चहा तुम्ही करता, पण कार्यालयातला यंत्रातून येतो. त्यातल्या तयार मिश्रणाच्या पाकिटावर घटकांची यादी पाहिलीत तर अनेकदा साखरेचे नाव अगदी पहिले असते. टपरीवरच्या कटिंगची किंवा अमृततुल्याची गोडी तर विक्रेत्याच्या हाताची असते. तुमच्यासारख्या नोकरदार स्त्रीचा एक साधा दिवस अंदाजाने मांडून पाहू. सकाळचा चहा ७ ग्रॅम. सोबत चार ग्लुकोज बिस्किटे, ज्यांत १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे त्या चार बिस्किटांतून ५ ग्रॅम. कार्यालयातले दोन चहा मिळून १४ ग्रॅम. दुपारच्या आमटीतला गूळ ३ ग्रॅम. परतताना उकडले म्हणून घेतलेला आंब्याच्या पेयाचा २०० मिलीचा छोटा खोका साधारण २५ ग्रॅम. रात्री मुलीबरोबर खाल्लेल्या सँडविचला लावलेला मोठा चमचाभर टोमॅटो केचप ४ ग्रॅम. बेरीज ५८ ग्रॅम होते, आणि या दिवसात गोड म्हणावा असा एकही पदार्थ तुम्ही खाल्लेला नाही.

या बेरजेत एक गोष्ट लक्षात आली असेल. ५८ पैकी ४६ ग्रॅम प्यायलेल्या आहेत. माझ्या अनुभवात जवळजवळ प्रत्येक घराचा हिशेब असाच निघतो, म्हणून मी शोध नेहमी पेल्यापासून सुरू करायला सांगते. चावून खाल्लेल्या अन्नाने पोट भरल्याची जी जाणीव होते, ती प्यायलेल्या साखरेने तेवढी होत नाही. त्यामुळे पेयातून आलेल्या ऊर्जेपोटी माणूस पुढच्या जेवणात घास कमी करत नाही. फळाचा रस काढला की तंतू मागे राहतात आणि तीनचार संत्र्यांची साखर एका पेल्यात जमा होते. तीनचार संत्री मात्र आपण एका बैठकीत सहसा खात नाही. उसाच्या रसाच्या २०० मिलीच्या पेल्यात २५ ग्रॅमहून जास्त साखर असते. वरून काहीच घातलेले नसले तरी दिवसाची पूर्ण मर्यादा त्या एका पेल्यात संपते. साध्या कोलामध्ये १०० मिलीमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, आणि हे बहुतेकांना ठाऊक असते. आंब्याच्या गोड पेयाला मात्र लोक फळ समजतात. आपल्याकडच्या मानकांनुसार 'फ्रूट ड्रिंक' म्हणवणाऱ्या पेयात फळांचा भाग दहा टक्के असला तरी चालतो, उरलेले बहुतेक पाणी आणि साखर असते.

कोकमाचे उदाहरण मला फार उपयोगी वाटते, कारण एकाच फळाच्या दोन बाटल्या दुकानात शेजारी शेजारी उभ्या असतात. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, त्यात साखर नसते, आणि सोलकढी त्याचीच होते. अमृत कोकम किंवा कोकम सरबताची बाटली म्हणजे सालांत साखर भरून सुटलेला पाक. उन्हातून आल्यावर आगळ, पाणी, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ असे पेय घेतले तर तहान भागते आणि साखर शून्य राहते. फक्त आगळात मीठ बरेच असते, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी वेगळे मीठ घालू नये. ताकही असेच निर्धोक आहे, पण ते घरचे किंवा मसाला ताक हवे. पाकिटातली गोड लस्सी हा वेगळा पदार्थ आहे.

याच संदर्भात मुलीसाठी एक सूचना. जुलाब झाल्यावर देण्याच्या ओआरएसमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, आणि ते तेवढेच असणे आवश्यक असते. त्याच्यासारख्या नावाने, फळांच्या स्वादात खोक्यांतून विकली जाणारी अनेक पेये त्याहून कितीतरी पट गोड होती. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. जास्त साखरेने आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब वाढू शकतात, म्हणून औषधाच्या दुकानात नाव न मागता सूत्र वाचून पाकीट घ्या.

आता पाकीट कसे वाचायचे ते पाहू. समोरच्या बाजूला लिहिलेल्या मजकुरावर काहीच ठरवू नका, पाकीट उलटे करा. मागे दोन गोष्टी असतात, घटकांची यादी आणि पोषणमूल्यांचा तक्ता, आणि दोन्ही वाचाव्या लागतात. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात, म्हणजे सर्वांत जास्त असलेला घटक सर्वांत आधी. साखर पहिल्या तिनांत असेल तर तो गोड पदार्थच समजा, मग त्यावर ओट्सचे चित्र असो की नाचणीचे. पण साखर एकाच नावाने येत नाही. सुक्रोज, डेक्स्ट्रोज, माल्टोज, फ्रुक्टोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, राइस सिरप, गोल्डन सिरप, फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट, मध, गूळ, खजुराचा पाक ही सगळी तिचीच रूपे आहेत. बिस्किटांत मैद्यानंतर साखर आणि पुढे पुन्हा इन्व्हर्ट सिरप असे अनेकदा दिसते. दोन्ही वेगवेगळी मोजल्याने प्रत्येकाचा क्रमांक खाली जातो, एकत्र मोजली असती तर ती आणखी वर आली असती. माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव साखरेच्या ओळीत मोजले जात नाही, पण ते पचून फार लवकर ग्लुकोज होते. प्रथिनांच्या भुकटीत, झटपट सूपमध्ये आणि साखर बदलून देणाऱ्या काही पुड्यांतही ते असते, म्हणून तुमच्या सासूबाईंसाठी खरेदी करताना त्याकडे विशेष लक्ष द्या.

तक्त्यात 'टोटल शुगर्स' आणि 'अ‍ॅडेड शुगर्स' अशा दोन ओळी असतात. आपल्याला दुसरी हवी. साध्या दुधात १०० मिलीमागे साडेचार ते पाच ग्रॅम नैसर्गिक साखर, म्हणजे लॅक्टोज, असते. त्यामुळे दुधाच्या पदार्थांत पहिला आकडा पाहून घाबरू नये. उलट त्याचा उपयोग करून वजाबाकी करता येते. स्वादयुक्त दुधाच्या २०० मिलीच्या बाटलीत एकूण साखर १९ ग्रॅम लिहिली असेल, तर त्यातली ९-१० दुधाची आणि उरलेली वरून घातलेली. तुलना करताना नेहमी १०० ग्रॅम किंवा १०० मिलीचा रकाना वापरा, कारण एका वाढपाचा आकार उत्पादकाने ठरवलेला असतो आणि आपण तेवढ्यावर थांबतोच असे नाही. टक्क्यांचा रकाना वाचताना आणखी एक काळजी घ्या. तिथली टक्केवारी रोजच्या ५० ग्रॅम साखरेच्या हिशेबाने काढलेली असते. म्हणून २० टक्के लिहिले असेल तर ते १० ग्रॅम झाले, आणि तुमच्या २५ ग्रॅमच्या मर्यादेत ते ४० टक्के होते.

दाव्यांचेही अर्थ ठरलेले आहेत. 'लो शुगर' म्हणायचे तर घन पदार्थात १०० ग्रॅमला ५ ग्रॅमपेक्षा आणि पेयात १०० मिलीला २.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. 'शुगर फ्री'साठी ही मर्यादा ०.५ ग्रॅम आहे. मात्र 'नो अ‍ॅडेड शुगर' म्हणजे साखर नाही असे नव्हे. पदार्थात खजूर, मनुका किंवा मूळ फळाची भरपूर साखर असू शकते. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने फळांच्या रसांवरचा 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकायला सांगितले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना दुधात घालायच्या माल्टयुक्त भुकट्या आणि तत्सम पेये 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून वगळायला सांगितले होते, कारण अन्न सुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. मुलीच्या दुधात अशी भुकटी जात असेल तर तिच्या डब्यावरचा वरून घातलेल्या साखरेचा आकडा आजच पाहा, आणि तिच्यावर पुन्हा साखरेचा चमचा पडतो का तेही पाहा. बहुतेक घरांत तो पडतो.

तिखटमीठ पदार्थांतली साखर सर्वांत कमी लक्षात येते. चिवड्यात पिठीसाखर असते, भेळेच्या चिंचगुळाच्या चटणीत गूळ असतो, शेजवान चटणी, मेयोनीज, तयार ग्रेव्ही आणि मसाला ओट्स यांच्या यादीतही साखर सापडते. यांचे प्रमाण बहुधा थोडे असते आणि अधूनमधून खाल्ल्यास मी त्यावर वेळ घालवणार नाही. केचपचा मात्र हिशेब ठेवा, कारण त्यात १०० ग्रॅममागे २० ते २५ ग्रॅम साखर असते आणि मुले तो पदार्थाला लावत नाहीत, पदार्थ त्यात बुडवतात. जॅममध्ये तर विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के असावेत असे मानकच आहे. श्रीखंडाला दह्याचा पदार्थ म्हणून सूट देऊ नका. बेकरीतल्या सुट्या नानकटाईला आणि गोड टोस्टला वेष्टनच नसते, म्हणून वाचायलाही काही नसते. नानकटाईत मैदा, तूप आणि पिठीसाखर हेच मुख्य घटक असतात एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. च्यवनप्राश आणि गोड खोकल्याची औषधे यांतही साखर असते. सासूबाई असे काही घेत असतील तर डॉक्टरांना सांगा आणि साखरविरहित पर्याय मागा.

कमी कसे करायचे, याबाबत माझे मत असे आहे की घरात एकदम साखरबंदी करू नये. ती पंधरा दिवस टिकते आणि मग सगळे पूर्ववत होते. पहिल्या आठवड्यात फक्त पाकिटबंद गोड पेये घेणे थांबवा. तुमच्या दिवसाच्या हिशेबातून एवढ्यानेच २५ ग्रॅम जातात. दुसऱ्या आठवड्यापासून चहाचा चमचा सपाट करा आणि पुढे दर आठवड्याला त्यात पाव चमचा कमी करा. जिभेला काही आठवड्यांत कमी गोडीची सवय होते, आणि नंतर पूर्वीचा चहा पाकासारखा लागतो, हे मी असंख्य रुग्णांकडून ऐकले आहे. आले, वेलची किंवा गवती चहा यांनी चव भरून निघते. कार्यालयात बिनसाखरेचा चहा सांगता येत नसेल तर दोनऐवजी एकच घ्या. चहासोबतच्या चार बिस्किटांच्या जागी मूठभर फुटाणे, शेंगदाणे किंवा एखादा पेरू ठेवा. साखरेऐवजी गोडी देणाऱ्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन नियंत्रणासाठी त्या वापरू नयेत असे सुचवले आहे. ती सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

मुलीला "साखर वाईट" असे सांगून मिठाईचा डबा लपवला तर ती बाहेर खाईल. तिला पाकीट वाचायला शिकवा आणि चमच्यांत मोजायला लावा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना नेहमीच्या पदार्थांतली साखर दाखवणारे फलक लावायला सांगितले. तिची शाळा त्या मंडळाची असेल तर तो फलक तिने पाहिला आहे का ते विचारा. दिवाळीतला लाडू आणि संक्रांतीचा तिळगूळ तिला मोकळ्या मनाने खाऊ द्या. आपण जी कमी करतो आहोत ती रोज नकळत जाणारी साखर आहे.

सासूबाईंबाबत मात्र सावध राहा. मधुमेहाच्या काही गोळ्यांमुळे आणि इन्सुलिनमुळे साखर एकदम खाली जाऊ शकते. घरातले प्रमाण कमी करत असताना त्यांच्या गोळ्यांची मात्रा बदलावी लागेल का, हे आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसून रक्तशर्करा ७० च्या खाली आढळली, तर त्या क्षणी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून देणे हाच उपचार आहे. यासाठी साखरेची एक छोटी डबी त्यांच्या उशाशी कायम राहू द्या.

एचबीए१सीमध्ये साधारण मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी दिसते, म्हणून पंधरा दिवसांत पुन्हा चाचणी करून निराश होऊ नका. तीन महिन्यांनी करा, आणि त्या तीन महिन्यांच्या किराण्याच्या पावत्या जपून ठेवा. तपासणीचा अहवाल आणि पावत्यांवरचे साखर-गुळाचे वजन एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, तर पुढे आणखी काय बदलायचे ते अंदाजाने ठरवावे लागणार नाही.